गेलेल्या नटांचं काम: विशेषणं बाजूला ठेवून

गेल्या तीन-चार वर्षांत ओळखीचे इतके चेहरे गेले की श्रद्धांजलीचे मजकूर एकमेकांत मिसळायला लागलेत. 'चतुरस्र', 'अष्टपैलू', 'न भरून येणारी पोकळी'. वरचं नाव बदललं की तोच मजकूर पुढच्याला चालतो. म्हणून हा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. रंगमंच, कॅमेरा, आवाज, नाच, संकलन यांतलं ज्यांना काही कळतं त्यांनी लिहावं. अट एवढीच: त्या नटानं नेमकं काय केलं, ते कशानं जमलं, आणि दुसरा करायला गेला तर कुठे फसतो. कोण कुणाला कुठल्या लग्नात भेटलं होतं ते इथे नको.

विंगेतली खुर्ची

विक्रम गोखले, २६ नोव्हेंबर २०२२, पुणे. 'गोखल्यांचा पॉज' हे बोलणं इतकं गुळगुळीत झालंय की त्यात काही तंत्र आहे याचाच विसर पडतो. वाक्य संपवून थांबलं तर ते थांबणं कुणाला जाणवत नाही. प्रेक्षक तेवढ्यात खोकून घेतो. गोखले थांबायचे ते वाक्याच्या पोटात. मराठीत त्याला मोठी सोय आहे, कारण क्रियापद शेवटी येतं. 'मी त्याला त्याच रात्री घराबाहेर...' इथे थांबलात तर 'काढलं', 'नेलं' की 'गाठलं' हे कळेपर्यंत आख्खं नाट्यगृह लटकून राहतं.

मात्र श्वास थांबण्याआधीच भरलेला हवा. थांबल्यावर घेतलेला श्वास खांद्यांत दिसतो आणि ताण तिथेच सांडतो. शिवाय उरलेला शब्द जिथे सोडला त्याच सुरावर उचलायचा. नकला करणारे इथे मार खातात: लांबलचक थांबतात आणि पुढचा शब्द दगडासारखा फेकतात.

प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेत बसून विसरलेलं वाक्य हळूच सांगणाऱ्याची, खरी पंचाईत अशा नटासमोर होते. विसरला की थांबलाय? विसरलेल्या नटाची नजर भिरभिरते, श्वास छातीत वर चढतो, हात उगाच उपरण्याकडे नाहीतर टेबलावरच्या एखाद्या वस्तूकडे जातो. थांबलेल्या नटाची नजर समोरच्यावर रोवलेली असते. तालमीतच संहितेत पेन्सिलीने या जागांवर आडव्या रेघा मारून ठेवायच्या. प्रयोगात अंदाजावर राहायचं नाही. द्यायचाच झाला तर वाक्याचा पहिला एखाददुसरा शब्द द्यायचा. पूर्ण वाक्य दिलं की पहिल्या तीन रांगांना ते दोनदा ऐकू येतं.

प्रॉम्प्टरच्या याच खुर्चीवरून सुरुवात केलेले जयंत सावरकर २४ जुलै २०२३ ला ठाण्यात गेले. मामा पेंडसे यांचे जावई, आणि २०१७ च्या उस्मानाबाद नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष. प्रॉम्प्टिंग केलेल्या नटाला आख्खं नाटक कानात पाठ असतं, फक्त आपली वाक्यं नाही. समोरचा नट पान उलटून पुढे गेला तर असा नट त्याला दोन वाक्यांत मागे आणून सोडतो आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. सावरकरांच्या छोट्या भूमिकाही घट्ट बसलेल्या वाटायच्या, त्यात याचा मोठा वाटा.

फूट माईक

वरच्याला पुरवणी. गोखल्यांनी २०१६ मध्ये घशाच्या त्रासामुळे रंगमंच सोडला, पण चित्रपट सोडले नाहीत. लोकांना हे कोडं वाटतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन-चार माईक असले तरी ते फक्त मदतनीस असतात. नटानं मागे तोंड केलं किंवा पलंगावर बसून बोलला की आवाज त्यालाच पोटातून फेकावा लागतो, तोही दोन-अडीच तास, सलग. चित्रीकरणात माईक छातीवर नाहीतर डोक्याच्या वर हातभर अंतरावर असतो आणि टेक मिनिट-दोन मिनिटांचा. खरखरीत झालेला आवाज तिथे उलट उपयोगी पडतो. जवळच्या माईकला कुजबुजीतला खर्ज फार छान लागतो.

घुंगरू १०१

संध्या, ४ ऑक्टोबर २०२५. बहुतेक ठिकाणी 'पिंजरा'वरच भर होता. ठीक आहे, पण नाचाच्या दृष्टीनं पाहायचं तर 'नवरंग' (१९५९) मधलं 'अरे जा रे हट नटखट' काढा. एकच बाई, पुढून स्त्री, मागून पुरुष. डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा. कॅमेऱ्याची चलाखी वाटते, पण बहुतेक काम शरीराचं आहे.

अडचण अशी की पाठ ही छाती म्हणून खपवायची आहे. माणसाचं कोपर मागे वाकत नाही, टाचा पुढे येत नाहीत. मुखवट्याच्या बाजूनं सरळ चाललं की पावलं उलटी दिसून भांडं फुटतं. त्यावर उपाय म्हणजे पुरुषाच्या बाजूला पदन्यास कमी ठेवून खांदे आणि मान यांवर भागवायचं, हात शरीराच्या बाजूने उचलायचे, आणि अर्धी गिरकी बरोबर समेवर संपवायची. गिरकी अर्ध्या मात्रेनं जरी उशिरा संपली तरी मुखवट्याची कड दिसते आणि दोन माणसांची एक बाई होते. शिवाय मुखवटा घट्ट बांधावा लागतो, त्यानं मान आखडते. आखडलेली मान पुरुषाला शोभते, स्त्रीला नाही. म्हणून दर अर्ध्या गिरकीला मान सैल करून पुन्हा ताठ करायची. एकदा आवाज बंद करून फक्त मानेकडे बघा.

'झनक झनक पायल बाजे'साठी (१९५५) त्यांनी गोपीकृष्णांकडे कथ्थकचं शिक्षण घेतलं. त्यांच्याबरोबर नाचताना पाय त्यांच्याइतके चालणार नाहीत, हे उघड होतं. तिथेही हात आणि वरचं अंगच कामी आलेलं दिसतं.

बतावणी

विजय कदम (१० ऑगस्ट २०२४) यांचा 'विच्छा माझी पुरी करा'मधला हवालदार. दादा कोंडकेंनी गाजवलेली भूमिका, म्हणजे तुलना आधीच ठरलेली. लोकनाट्यात भर घालायला मोकळीक असते हे सगळ्यांना माहीत असतं. भर कुठे संपवायची हे फार थोड्यांना कळतं.

सरळ हिशेब असा: जागच्या जागी सुचलेलं कितीही घ्या, पण शेवटचं वाक्य संहितेतलंच हवं, अक्षरशः तेच. ढोलकीवाला, पेटीवाला, प्रकाशवाला आणि विंगेत उभा असलेला पुढचा नट, चौघेही त्याच वाक्यावर कान लावून असतात. ते बदललं की ढोलकी पडत नाही, आणि दोन सेकंदांच्या त्या रिकाम्या जागेत मिळवलेला सगळा हशा थंड होतो. दुसरा धोका वेळेचा. एकेका प्रवेशात चार-चार मिनिटं वाढली तर प्रयोग अर्धा तास लांबतो आणि शेवटचा वग घाईत उरकावा लागतो, म्हणजे मुख्य पदार्थच कच्चा. कदम स्थानिक संदर्भ टाकायचे ते एका वाक्याचे. हशा पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य सुरू. हशा उतरणीला लागला की बोलायचं, शिखरावर नाही आणि सपाटीवरही नाही.

प्रदीप पटवर्धन (९ ऑगस्ट २०२२) यांचं 'मोरूची मावशी'तलं काम याच्या उलट जातीचं. फार्समध्ये भर घालायला जागाच नसते. विजय चव्हाणांच्या मावशीला हशा मिळतो, कारण बाजूचे घाबरलेले दिसतात. बाजूचा नट स्वतःच गंमत घ्यायला लागला की मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष, एवढंच उरतं.

सोटा

बाळ कर्वे, २८ ऑगस्ट २०२५. दूरदर्शन मालिकेतला गुंड्याभाऊ. मागचा प्रतिसाद वाचून तेच सांगावंसं वाटलं: गुंड्याभाऊ एकही विनोद करत नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा तो भक्कम, रोखठोक भाऊ. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव बारीक, सतत हलणारा, कापऱ्या आवाजाचा; शेजारी कर्वे म्हणजे भिंत. टीव्हीच्या लहान पडद्यावर दोघंही हलले असते तर कुणाकडे बघायचं तेच कळलं नसतं. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी सांभाळून हे सगळं. भार कुणी घ्यायचा ते त्यांना ठाऊक असणारच!

आज तपासायला बसाल तर भाग फारसे सापडणार नाहीत. त्या काळात टेपा महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. १९७९ चा चित्रपट आहे, पण मालिकेतली लय वेगळी होती.

सोटा (पुन्हा)

अतुल परचुरे राहिले. १४ ऑक्टोबर २०२४, वय ५७. 'व्यक्ती आणि वल्ली'त त्यांनी पु. ल. उभे केले, तेही पु. ल. हयात असताना. पुलंचा आवाज घरोघरी कॅसेटमध्ये होता, म्हणजे प्रेक्षकाकडे मूळ प्रत. हुबेहूब नक्कल पाच मिनिटं टाळ्या घेते, मग प्रेक्षक फरक मोजायला लागतो. परचुऱ्यांनी आवाज न घेता ऐकण्याची पद्धत घेतली: वल्ली बोलत असताना मान किंचित पुढे आणि हसू ओठांआधी डोळ्यांत. त्या नाटकात भाई, म्हणजे पु. ल., बहुतांश वेळ ऐकतोच. याच नटानं 'नातीगोती'त मतिमंद मुलगा केला होता, जवळजवळ शब्दांशिवाय. तिथे जबडा, मनगट आणि चाल अंक संपेपर्यंत एकाच कोनात धरून ठेवावी लागते. दमल्यावर शरीर आपोआप सरळ होतं आणि भूमिका गळून पडते.

टाइमलाइन

मालिकेतला नट गेला की पुढे काय होतं, यावर फार भावुक लिहिलं जातं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ ला गेल्या, 'ठरलं तर मग'मधली पूर्णा आजी चालू असताना.

दैनंदिन मालिकेचा भाग वीस-बावीस मिनिटांचा, आणि चित्रित भागांची 'बँक' बहुधा काही दिवसांचीच. ती आधी मोजली जाते. मग पुढच्या लिहिलेल्या प्रवेशांतली त्या पात्राची वाक्यं दुसऱ्या पात्रांना वाटतात. इथे पहिली चूक होते: आजीचं वाक्य सुनेच्या तोंडी जसंच्या तसं गेलं की सून अचानक सत्तरीची वाटते. मग पात्र गावाला किंवा देवदर्शनाला जातं. त्या काळात फोनवरचं एकतर्फी संभाषण चालतं, पण दोन-तीन वेळांपुढे नाही. त्यानंतर पात्र संपवायचं की नवा चेहरा आणायचा, हा निर्णय. इथे रोहिणी हट्टंगडी आल्या. नवा चेहरा आला की जुने फ्लॅशबॅक बाद होतात, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो बदलावे लागतात, शीर्षकगीतातले तुकडे कापावे लागतात. एखादा फोटो राहून जातो आणि नेमका तोच प्रेक्षकाला दिसतो. आधीच्या नटीची लकब उचलायची नाही, हे हट्टंगडींसारख्या नटीला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं.

प्रिया मराठे (३१ ऑगस्ट २०२५, वय अवघं ३८) यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आजारपणामुळे चालू मालिका आधीच सोडली होती. खलनायिका त्या डोळे न वटारता करायच्या, आवाज खाली आणून. मालिकांच्या पार्श्वसंगीताच्या गदारोळात ते टिकवणं सोपं नाही.

थंड शव

सतीश शाह, २५ ऑक्टोबर २०२५. 'जाने भी दो यारो'मधलं (१९८३) डिमेलोचं प्रेत. जिवंत माणसाला उचललं की तो नकळत मदत करतो: मान ताठ, पोट आत, गुडघे आवळलेले. मेलेला मदत करत नाही. महाभारताच्या रंगमंचावर त्याला द्रौपदी करून इकडून तिकडे ओढतात, तेव्हा मानेचा लोंबता भार बघा. श्वास पूर्ण भरून रोखला तर छाती थरथरते, म्हणून अर्धा सोडून रोखायचा. मान मागे पडली की लाळ घशात जाते आणि गिळायची ऊर्मी येते. कंठमणी हलला की टेक गेला. शिवाय साडी अंगावर असल्यानं पोटाचा श्वास झाकला जातो, तेवढाच आधार.

तारीखवार

शेवटी हिशेबाचं. गोखल्यांच्या निधनाची बातमी खरी होण्याआधी दोन-तीन दिवस फिरत होती आणि कुटुंबीयांना खंडन करावं लागलं. तेव्हा रुग्णालयाचं किंवा घरच्यांचं निवेदन येईपर्यंत तारीख टाकू नका.

नावांचा घोळ: अभिनेत्री सुलोचना (लाटकर) ४ जून २०२३ ला गेल्या, लावणीगायिका सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला. दोघीही पद्मश्री. मूकपटांच्या काळातली सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, ती तिसरीच. शीर्षकांचंही तसंच: 'या सुखांनो या' हा सीमा देव यांचा चित्रपट, आणि त्याच नावाच्या मालिकेत विक्रम गोखले होते. गोखल्यांचा 'अनुमती'साठीचा राष्ट्रीय पुरस्कार २०१२ या वर्षाचा, जाहीर झाला मार्च २०१३ मध्ये. इरफान खानबरोबर विभागून, हे लिहायचं राहू नये.

आणि वय. अच्युत पोतदार यांचा जन्म २२ ऑगस्ट १९३४, निधन १८ ऑगस्ट २०२५. 'वयाच्या ९१ व्या वर्षी' बरोबर. '९१ वर्षांचे होते' चूक, चार दिवस कमी पडतात. रमेश देव मात्र ३० जानेवारीला ९३ पूर्ण करून २ फेब्रुवारी २०२२ ला गेले, म्हणजे 'वयाच्या ९४ व्या वर्षी'.