कोंबड्यांना उन्हाळा झेपेना, मदत हवी आहे (तातडीने)

मृगजळ
परसात कोंबड्या पाळल्या आहेत. आठवडाभर रोज ११५च्या वर जातंय. सगळ्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहतात. अंडी कमी झालीच आहेत, जी येतात त्यांचं कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जातं. परवा एक गेली, आज दुसरी. सावली आहे, पाणी आहे, पंखा आहे. "सावलीत ठेवा, पाणी द्या" हे कृपया सांगू नका, ते गूगलनेही सांगितलं. पाण्यातून द्यायचं काही औषध असेल तर सांगा. माणसांचं ओआरएस चालेल का? घरात पाकिटं पडली आहेत. जरा लवकर, दुपारी पुन्हा तेच होणार.

वऱ्हाडी_ठेचा
११५ म्हणजे फॅरनहाइट ना ताई? म्हणजे ४६ सेल्सिअस. आमच्या अकोल्यात मे महिन्यात एवढं असतेच. खुराड्यावर टिन आहे का? असेल तर आधी त्यावर पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) टाका, चांगला हातभर थर. बाजूने वाळ्याच्या ताट्या बांधा अन् दिवसातून तीनदा पाणी मारा. औषधाच्या भानगडीत पडू नका.

शंकासुर
धागाकर्तीने गाव सांगितलेलं नाही, जात नाही, संख्या नाही, वय नाही, मेल्या त्या कुठे आणि किती वाजता तेही नाही. तरी लोक पऱ्हाटी घेऊन निघाले.

मृगजळ
फिनिक्सजवळ राहते, आधीच्या धाग्यांत लिहिलंय. फॅरनहाइटच, अमेरिकेत दुसरं काय असणार! सहा होत्या, इथे सहाच ठेवता येतात. दोन ब्रह्मा, दोन बफ ऑर्पिंग्टन, दोन लेगहॉर्न. गेल्या त्या दोन्ही ब्रह्मा. आता ओआरएसचं सांगा.

गावरान_गडी
या परदेशी जातींचं हेच होणार. कडकनाथ घ्या. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय, उन्हापावसाला दाद देत नाही, अंड्याला भाव वेगळाच. मी अंडी उबवणी यंत्रासह पूर्ण प्रकल्प अहवाल करून देतो, विपू करा, म्हणजे मला निरोप टाका.

मृगजळ
मी अरिझोनात आहे. प्रकल्प नको, चार कोंबड्या जगवायच्या आहेत.

गुरांचा_डॉक्टर
पशुवैद्यक आहे, सातारा भागात. तुमच्याकडची औषधं मला ठाऊक नाहीत, पण कोंबडीचं शरीर तेच. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता टाकायची ती धापेतून, तुऱ्यातून आणि पायांतून. ब्रह्माला पायावरही पिसं असतात, तुरा बारीक आणि अंगावर गादी. त्या आधी जाणारच होत्या. लेगहॉर्नचा तुरा मोठा, अंग हलकं, ती टिकेल.

पातळ कवचाचं कारणही धापच. सतत धापेने रक्तातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचाला लागणारं कॅल्शियम हाताशी राहत नाही. त्यात भूक मंदावल्याने खाणंही कमी. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, हवा तेवढा खातात. खायचा सोडा चार लिटर पाण्यात एक चमचा, फक्त दुपारच्या वेळेपुरता. शेजारी साधं पाणी हवंच. ओआरएस अधूनमधून चालेल, रोज नको.

आणि दोन दिवसांत दोन मेल्या आहेत. तुरा काळानिळा पडला होता का? डोकं सुजलेलं? बर्ड फ्लूची शंका वाटली तर तुमच्या राज्याच्या पशुवैद्यकीय खात्याला कळवा. मेलेल्यांना उघड्या हाताने लावू नका.

शंकासुर
रक्त आधीच अल्कधर्मी म्हणता आणि वरून सोडा पाजता?

गुरांचा_डॉक्टर
रास्त शंका. रक्ताचा तोल सांभाळायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यातला कार्बोनेटच मग कमी पडतो. सोड्याने ती तूट भरते. म्हणून तर बेताने आणि तात्पुरता द्यायचा.

सुमाकाकू
अगं, सोडाबिडा नको. ॲपल सायडर व्हिनेगर घाल पाण्यात, एकदम छान राहतात. माझी सून ओरेगॉनला पाळते, ती वर्षभर तेच देते. आणि मका अजिबात देऊ नकोस, उष्ण पडतो.

गुरांचा_डॉक्टर
काकू, ओरेगॉनचा उन्हाळा आणि हा उन्हाळा एक नाही. शिवाय पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर घातलं तर त्यातलं जस्त सुटून पाण्यात येतं. आणि मकाच उष्ण असं काही नाही, कुठलंही अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते. म्हणून काय देता यापेक्षा कधी देता ते बघा. पहाटे आणि सूर्य कलल्यावर. दुपारी खाद्य उचलून ठेवा.

सुमाकाकू
आमच्याकडे प्लास्टिकची भांडी आहेत. असो. ज्याचा त्याचा अनुभव.

सोनोरन
मी अरिझोनातच, टूसॉनला असतो, बरीच वर्षं पाळतोय. आधी "सहाच ठेवता येतात" याबद्दल: २०२४च्या राज्याच्या कायद्याने स्वतंत्र घराच्या अंगणात सहापर्यंत कोंबड्यांना शहरं मनाई करू शकत नाहीत. नर कोंबड्याला मात्र करू शकतात. सहाच्या वर काय ते तुमच्या शहराचे नियम बघा. आणि वसाहतीच्या संघटनेचे नियम आणखी वेगळे, ते कायद्याने सुटत नाहीत.

आता मुद्दा. "पाणी आहे" म्हणजे कुठे आहे? पाइप कुठून येतो? एकदा दुपारी तीनला त्या पाण्यात बोट घालून बघा.

मृगजळ
पाइपला निपल (चोच मारली की थेंब सुटतो अशी तोटी) लावलेत, म्हणजे आपोआप येतं, भरायला नको. पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून खाली आणलाय. आत्ता बघून आले. बोट ठेववत नाही, चहाला चालेल असं आहे.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा! म्हणजे माठ ठेवा ना तिथे, सावलीत.

सोनोरन
माठ खरंच वाईट नाही, मातीच्या उथळ थाळ्या तर उत्तमच, झिरपतात आणि गार राहतात. कोंबडी गरम पाणी पीत नाही, तहानेने मरेल पण चोच लावणार नाही. निपलही उन्हाळ्यात बंद करा. रुंद उथळ थाळ्या दोन-तीन जागी, त्यात बाटलीत गोठवलेला बर्फ. त्यात उभ्या राहून पाय गार करतील, करू द्या. कोंबडी फारच मलूल दिसली तर साध्या गार पाण्यात छातीपर्यंत बुडवा. बर्फाच्या पाण्यात नको, धक्क्याने जाते.

पंख्याचं सांगतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१च्या आसपास. ४६ची कोरडी हवा तिच्या अंगावर फेकलीत तर तुम्ही तिला तापवताय. पंख्यासमोर ओलं गोणपाट किंवा फवारा हवा, नाहीतर पंखा संध्याकाळी उशिरा लावा.

आणि शंकासुरने विचारलेलं राहिलंच. कुठे आणि किती वाजता मेल्या?

मृगजळ
सकाळी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा दांडीखाली पडलेल्या होत्या, दोन्ही वेळा. तुरा साधाच होता, सूज वगैरे काही नाही. रात्री काय होणार, ऊन तर दिवसा असतं!

सोनोरन
सापडलं. फिनिक्सला जुलैत कित्येकदा रात्रीसुद्धा पारा ३२ सेल्सिअसच्या खाली उतरत नाही. खुराडं कशाचं आहे? भिंतीला लागून आहे का? रात्री खिडक्या उघड्या असतात?

मृगजळ
लाकडी, दुकानातून तयार आणलेलं, सिमेंटच्या ब्लॉकच्या कुंपणभिंतीला टेकवून ठेवलंय. हिवाळ्यात भिंतीवर बॉबकॅट (इथलं मोठं रानमांजर) येऊन बसला होता, तेव्हापासून रात्री सगळं लावून घेते. जाळीच्या खिडक्यांवरही फळ्या.

गुरांचा_डॉक्टर
मग औषधाचा प्रश्नच मिटला. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडते आणि आत सहा कोंबड्यांच्या धापेची वाफ. अशा ओल्या हवेत धापेनेही अंग गार होत नाही. जड अंगाच्या आधी गेल्या. बर्ड फ्लूची भीती माझ्या मनातून बरीचशी गेली, तरी आणखी एखादी गेली तर तपासून घ्या.

सोनोरन
खुराडं भिंतीपासून चांगलं सहा-आठ फूट लांब, झाडाखाली. मेस्कीट (इथलं वाळवंटी झाड) असेल तर सोन्याहून पिवळं. निदान तीन बाजूंच्या फळ्या काढून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारा. षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी नको. ती कोंबडीला आत ठेवते, बॉबकॅटला बाहेर ठेवत नाही. जाळी खाली जमिनीत फूटभर पुरा किंवा बाहेर आडवी पसरा, कोयोटी (इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) उकरतात. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा एवढंच हवं. इथल्या हिवाळ्यालाही ते चालतं.

पुढच्या वेळी फायोमी घ्या. इजिप्तच्या फायूम भागातली जात, अंगाने चिमटीएवढी आणि पळायला लांडगी, पण उन्हात मजेत फिरते. नाहीतर उघड्या मानेच्या. दिसायला गिधाडासारख्या, म्हणून आमच्या बायकोने नको म्हटलं.

लाल_रस्सा
मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंत? म्हणजे वाया नाही ना गेल्या?

गुरांचा_डॉक्टर
आपोआप मेलेली कोंबडी खायची नसते. संपला विषय.

मृगजळ
आम्ही अंड्यापुरतेच मांसाहारी. @लाल_रस्सा, धागा नीट वाचा.

मिस्टर्स (बारीक फवारा सोडणाऱ्या नळ्या) लावू का मग? शेजारच्यांकडे अंगणात आहेत, खूप गार वाटतं.

सोनोरन
जूनमध्ये झकास. कोरड्या हवेत पाणी जमिनीवर पडायच्या आत उडून जातं. मान्सून आला की हवेत ओल येते, फवारा उडत नाही, अंगावर आणि भुशावर बसतो. मग अमोनियाचा वास, माशा, जंतांची आणि रक्तहगवणीची भीती. तेव्हा फवारा बंद, वारा चालू. जमिनीचा एक कोपरा तेवढा सकाळी भिजवून ठेवा, खड्डा करून त्यात बसतात.

वऱ्हाडी_ठेचा
अरिझोनात मान्सून?? थट्टा करता काय.

सोनोरन
खरंच. हवामानखातं १५ जून ते ३० सप्टेंबर असा तारखेनेच धरतं. फिनिक्सला त्यात सरासरी अडीच इंच पडतो, वर्षभराचा मिळून सात.

वऱ्हाडी_ठेचा
अडीच इंच म्हणजे आमच्याकडे एका दुपारचं काम. त्याला मान्सून म्हणता, धन्य आहे.

गावरान_गडी
पाऊस कमी म्हणजे कडकनाथला उत्तम.

मृगजळ
पावसाचा धागा कृपया वेगळा काढा. नवऱ्याने फळ्या काढल्या आहेत, खुराडं लिंबाच्या झाडाखाली ओढलंय. थाळ्यांत बर्फ टाकल्यावर लेगहॉर्न लगेच आल्या, ऑर्पिंग्टन लांबून बघत होत्या, मग त्याही उतरल्या. धाप आहेच, पण मघाशी होती तशी नाही. जाळी आणून ठेवलीय. स्टेपल गन घरात आहे, चालेल ना? अंधार पडायच्या आत मारायचीय.

सोनोरन
स्टेपल नको, रॅकून उपटतो. रुंद वॉशर लावून स्क्रू मारा, चार-चार इंचांवर. दारालाही दोन कड्या हव्यात, एक वर, एक खाली.