सॅक छातीशी धरून चालणाऱ्या सगळ्यांसाठी : ब्रा, माप आणि आपले अनुभव

पेठेतली
काल वनाजहून मेट्रोत बसले. समोर एक वीस-बावीसची मुलगी, डबा निम्मा रिकामा तरी बसेना, सॅक छातीशी घट्ट धरलेली आणि खांदे पुढे पडलेले. गरवारे कॉलेज स्टेशन येईस्तोवर तिने एकदाही सॅक खाली केली नाही. मला एकदम माझी निळी प्लास्टिकची फाइल आठवली. ९७-९८ साल असेल, टिळक रोडने कॉलेजला चालत जायचे, फाइल छातीशी, वर ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, मे महिन्यातसुद्धा. आई मागून म्हणायची "पोक काढून चालू नकोस" आणि त्याच दमात "ओढणी नीट घे".

एकदा आमचा ग्रुप पर्वतीला गेला होता. १०३ पायऱ्या चढताना काही नाही, उतरताना सगळ्या पळत सुटल्या आणि मी हाताची घडी घालून एकेक पायरी. खाली पोचले तर त्यांची भेळ खाऊन झालेली. त्यानंतर मी कधी पळाल्याचं आठवत नाही, बस चुकली तर चुकली.

चाळिशीत मान-खांदे भयंकर दुखायला लागले. फिजिओ ताईने खांद्यावरच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ब्रा कोणत्या मापाची घालता? म्हटलं ४० बी, कायमच. त्या म्हणाल्या आधी माप घेऊन या, मग व्यायाम सांगते. दुकानातल्या बाईंनी टेप लावली, छातीखाली साडेपस्तीस, वरून एक्केचाळीस. ३६ डीडी! मी म्हटलं चुकतंय तुमचं काहीतरी. त्या म्हणाल्या घालून तर बघा. पाठीचा पट्टा वर न चढता सरळ आडवा बसला, खांद्याचे पट्टे सैल केले तरी सगळं जागच्या जागी. ट्रायल रूमच्या आरशात माझी मान मला लांब दिसली हो, खरंच. तिथेच रडू आलं, वीस वर्षं मी माझ्या शरीरावर चिडत होते त्याचं.

त्या मुलीशी बोलायचं धाडस झालं नाही म्हणून इथे लिहितेय. तुम्हीपण लिहा, लाजू नका.

मुळशीकर
माझी सॅक २००९ पासून पुढेच आहे. वाचून डोळ्यात पाणी आलं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

ढोलवाली
पथकात पहिल्या वर्षी नदीपात्रात सराव सुरू झाला, ढोल कमरेला बांधला, दहा मिनिटांत कळलं की हे असं जमणार नाही. एकावर एक दोन ब्रा घालून जायला लागले, श्वास लागायचा, रात्री काढल्यावर बरगड्यांवर लाल वळ. एक दादा म्हणाला तू झांज घे, ते बरं पडेल. कशासाठी म्हणतोय ते सगळ्यांना कळलं. मी झांज घेतली नाही. मग आमच्यातल्याच एका ताईने बाजूला घेऊन सांगितलं की नुसती आवळून सपाट करणारी स्पोर्ट्स ब्रा आपल्याला पुरत नाही, दोन्ही बाजूंना वेगळे कप, रुंद पट्टे आणि मागे हूक असलेली घे. घ्यायच्या आधी दुकानातच जागेवर उड्या मारून बघ म्हणाली, आणि आम्ही दोघींनी खरंच मारल्या. हे नंतर वाचलं की इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर रीतसर संशोधन चालतं, पळताना छाती नुसती वरखाली नाही तर बाजूला आणि पुढेमागेही हलते, म्हणून प्रत्येक बाजूला वेगळा आधार लागतो. यंदा माझं पाचवं वर्ष, पहिल्या रांगेत.

पेठेतली
ढोलवाली, विसर्जनाला तुला शोधणार मी. झांज घेतली नाहीस ते फार बरं केलंस.

शनिवारवाडा_वेस
लक्ष्मी रोडला एका दुकानात (आता नाहीये ते) काका लांबूनच बघून माप सांगायचे आणि वर पोऱ्याला ओरडायचे "अडतीस टाक रे खाली!" दुकानभर गिऱ्हाईक. आई म्हणायची घे पटकन चल. ट्रायल नाहीच, बदलून मिळणार नाही अशी पाटी. लग्नाच्या खरेदीत सहा घेतल्या, सहाही काखेत रुतायच्या, सगळ्या वापरून संपवल्या कारण पैसे दिलेले. आजही दुकानात कोणी मोठ्याने आकडा बोललं की कानशिलं तापतात.

काउंटरमागची
मी सहा वर्षं अशाच ब्राच्या दुकानात काउंटरला होते, आता मुलगा लहान म्हणून घरी. शनिवारवाडा_वेस ताई, बघून माप कळतच नाही हो, कोणालाच नाही. टेप लागतेच.

घरी करता येतं. छातीच्या बरोबर खाली टेप घट्ट धरा, श्वास सोडून, तो पट्ट्याचा आकडा. मग सगळ्यात भरल्या भागावरून सैल धरून, टेप पाठीमागे खाली घसरायला नको. दोन्हीतला फरक १ इंच म्हणजे कप ए, २ बी, ३ सी, ४ डी, पुढे डीडी वगैरे, पुढची अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात. डी म्हणजे अवाढव्य असं सगळ्यांना वाटतं, तसं नसतं, ३२ डी आणि ३८ डी शेजारी ठेवून बघा. आणि ३८ सी, ३६ डी, ३४ डीडी यांचा कप जवळपास तेवढाच असतो. म्हणून दुकानात डीडी नसली की ४० देऊन मोकळे होतात, पट्टा सैल मिळतो, मग सगळं वजन खांद्यांवर. वजन पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्याने नाही, एवढं एक लक्षात ठेवा.

घालताना पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घ्यायचा, हे मी हजारदा सांगितलं असेल. तारेची असेल तर दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि तार काखेजवळ मांसावर चढायला नको. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या, इलॅस्टिक सैल पडलं की आतले हूक आहेतच. एक आजी यायच्या सत्तरीच्या, टेप लावू का विचारलं तर म्हणाल्या, आजवर कोणी विचारलंच नव्हतं गं.

दोन_लेकींची_आई
त्या आजी 😢
बाळंतपणात माझं माप तीनदा बदललं, घरातले म्हणाले दोन महिन्यांसाठी कशाला नवीन. गाठी झाल्या, ताप आला, डॉक्टरांनी बाकी औषधांबरोबर घट्ट ब्राही बदलायला लावली. तेवढा खर्च कराच बायांनो.

पावसाळी
घामाचं कोणी बोललं नाही अजून. एप्रिल-मेमध्ये छातीखालच्या घडीत लाल होऊन चरचरायचं, मी पावडर थापत राहिले, ती ओली होऊन अजूनच वाईट. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या बुरशी आहे, क्रीम दिलं, आणि अंघोळीनंतर मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं करून मगच कपडे, ऑफिसात एक जादा सुती ब्रा ठेवा म्हणाल्या. लपवायचं कारण नाही, लगेच दाखवा.

सहकारनगर२
वाळत कुठे घालता सगळ्या? आमच्याकडे अजून टॉवेलखाली. ऊन लागत नाही, पावसाळ्यात कुबट वास.

पावसाळी
त्यामुळेच झालं असेल मला! मी आता उघडी घालते दोरीवर. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांचीपण शेजारी होती.

मुळशीकर
पावसाळी ❤️ तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.
आले परत. तारेच्या ब्राने कॅन्सर होतो असा मेसेज आला होता फॅमिली ग्रुपवर, त्या भीतीने मी कधी घेतली नाही. खरंय का काही?

काउंटरमागची
नाही गं. २०१४ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर केंद्राचा अभ्यास आला, दीड हजारावर बायका होत्या त्यात, तार असो नसो, दिवसभर घाला, काही संबंध सापडला नाही. गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली तर डॉक्टरकडे जायचंच, पण ते ब्रामुळे नाही. तार नको असेल तर बिनतारेच्यापण चांगल्या मिळतात, रुंद पट्टा बघून घे.

शनिवारवाडा_वेस
आजीची "बॉडी" रविवार पेठेतल्या एक बाई शिवून द्यायच्या, समोर बटणं, जाड मांजरपाट. प्रत्येकीचं माप वहीत लिहिलेलं असायचं त्यांच्याकडे. आजी शेवटपर्यंत ताठ चालायची. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

हिंजवडी_शटल
इतके दिवस नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी २३ची. ऑफिसात उन्हाळ्यातपण जॅकेट, लिफ्टमध्ये सगळे उतरले की मग मी. टेप नाहीये पीजीवर, कोणाकडे मागू कळत नाही.

पेठेतली
अगं सुतळी किंवा चार्जरची वायर घे, गुंडाळून खूण कर आणि पट्टीवर मोज. आकडे मला मेसेज कर. शनिवारी रिकामी आहेस का? मी डेक्कनला येते, सोबत जाऊ. दुपारी एकच्या आत पोचू, नाहीतर दुकान चारपर्यंत बंद.

हिंजवडी_शटल
हो. येते मी. साडेअकरा चालेल?

ढोलवाली
मीपण येऊ? उड्या मारायला कोणीतरी लागेल सोबत.