घाटात अचानक धडधड सुरू होते, काय करावे?

प्रश्न (देवगड): कोल्हापूरला जाताना एस.टी. करूळ घाट चढू लागली की छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार असे वाटते. हृदयाची व थायरॉईडची तपासणी निर्दोष आली असली, तरी मी प्रवासच टाळू लागले आहे.

उत्तर (मालवण): तपासणी आधी करून घेतलीत, हे योग्यच झाले. असा भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) साधारणपणे १० मिनिटांत शिखर गाठतो आणि नंतर ओसरतो, म्हणून त्याच्याशी झुंजण्याऐवजी नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून अधिक वेळ लावून तो सोडावा. धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या बहुधा त्यामुळेच येतात.

उत्तर (रत्नागिरी): श्वासाने वेळ निभावेल, परंतु प्रवास टाळत राहिलात तर भीती अधिकच घट्ट होईल. बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे सीबीटीमध्ये, आधी वैभववाडीपर्यंत, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत, असे टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाण्यास शिकवतात. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिल्यास गुण येण्यास काही आठवडे लागतात. ते स्वतःहून बंद करू नये. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे (नावाने बिचकू नये), आणि तेथवर जाणे जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उत्तर (वेंगुर्ले): ग्रामदेवतेला गाऱ्हाणे अवश्य घालावे, मात्र उपचार चालू ठेवून. प्रवासाआधी कडक चहा-कॉफीही टाळून पाहावी.