तांब्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवताना एका बाजूचं सोल्डर धरत नाही

प्रश्न
बाथरूमच्या लाइनवरचा जुना व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी थांबेना, म्हणून कापून काढला. पाइप 15 मिमीचा. नवा पितळी बॉल व्हॉल्व्ह सोल्डर करतोय. एक बाजू झटकन धरली, पण दुसऱ्या बाजूला सोल्डरचे नुसते गोळे होऊन खाली पडतात. टॉर्च तोच, सोल्डर तेच, मेन व्हॉल्व्ह बंद. मोठा टॉर्च आणू का?

उत्तर
टॉर्च बदलू नका, त्या बाजूच्या पाइपात पाणी आहे. मेन बंद असला तरी वरच्या पाइपातलं पाणी उतरत राहतं. ते आत आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. बिनशिशाच्या सोल्डरला 220 ते 230 अंश लागतात. (पिण्याच्या पाण्याला बिनशिशाचंच वापरा, यात तडजोड नको.) तापवताना कान द्या, आत बारीक चरचर ऐकू येईल.

सर्वांत खालचा नळ उघडा आणि सर्वांत वरचाही. वरून हवा शिरली की पाइप रिकामा होतो. तापवताना व्हॉल्व्ह उघडा होता की बंद?

प्रश्नकर्ता
बंद. उघडा ठेवायचा असतो का?

उत्तर
हो, पूर्ण उघडा. बंद असला की वाफेला वाट राहत नाही. शिवाय इतका वेळ ज्योत खाल्ल्यावर आतल्या टेफ्लॉनच्या कड्यांचा मला भरवसा वाटत नाही. धरलेली बाजू तापवून हा व्हॉल्व्ह उतरवा आणि दुसरा घ्या.

पाइपाची टोकं एमरी पेपरने घासा, तांबं लखलखीत दिसलं पाहिजे. जळून काळा पडलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) पुसून नवा लावा. तरीही थेंब येत असेल तर पांढऱ्या पावाचा मऊ गोळा बोटभर आत ढकला. तेवढा वेळ पाणी अडतं, पुढे तो भिजून वाहून जातो. मात्र पहिलं पाणी नळाची जाळी काढूनच सोडा.

ज्योत सोल्डरवर नको, जोडावर धरा. व्हॉल्व्हचं पितळ जाड, त्याला जास्त वेळ लागतो. सोल्डरची तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूने टेकवा. जोड तापला असेल तर ती आपोआप आत ओढली जाते आणि कडेने चकचकीत रेघ उमटते. त्या रेघेसाठी थांबा. मग ज्योत बाजूला घ्या आणि सोल्डर घट्ट होईपर्यंत पाइपाला हात लावू नका.

आणखी एक उत्तर
एवढा खटाटोप कशाला? कॉम्प्रेशनचा, म्हणजे नट आवळून बसणारा व्हॉल्व्ह घ्या, आवळायला दोन पाने पुरतात, आग नाही.

उत्तर
जोड उघड्यावर असेल तर तुमचं बरोबर आहे, मीही तेच बसवीन. भिंतीत जाणार असेल तर मात्र मी सोल्डरच करतो, कारण कॉम्प्रेशनचा नट पुढे कधी आवळायला लागला तर तिथे पाना पोचणार कसा? मागे लाकूड असेल तर आधी ज्वालारोधक कापड लावा, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि काम झाल्यावर अर्धा तास तरी तिथून हलू नका. लाकूड आतून धुमसत राहतं.