बडीशेपेचे शेजारी

बडीशेप आसपासच्या रोपांची वाढ रोखते, म्हणून ती वाफ्यात लावूच नये, असे बागकामाच्या चर्चेत एकाने म्हटले आहे; ते मत मला अर्धेच पटते. टोमॅटो आणि कोथिंबीर तिच्या अगदी लगत खुरटतात, हे मीही पाहिले आहे. परंतु त्यात मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांचा वाटा किती आणि सावलीचा व पाण्याच्या ओढीचा किती, हे वेगळे केल्याशिवाय सगळा दोष तिच्या माथी मारणे योग्य नाही. चांगल्या जमिनीत हे झाड पाच-सहा फूट उंच होते आणि त्याचे सोटमूळ खोल जाते.

खानापूरकडच्या आमच्या तांबड्या मातीत, पावसाने पूर्ण उघडीप दिल्यावर, ऑक्टोबरमध्ये मी बी थेट जागेवरच टोकतो, कारण सोटमूळ दुखावले की उपटून लावलेले रोप नीट धरत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने बडीशेपेची ओळ कुंपणालगतच्या वाफ्यात उत्तरेला ठेवतो, तिच्यापुढे दोन हात जागा सोडून झेंडू लावतो, आणि त्याला तिचा त्रास झालेला मला आजवर दिसलेला नाही.

त्या चर्चेत न आलेली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. बडीशेपेच्या छत्रीसारख्या पिवळ्या फुलोऱ्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो खरा, पण त्यामागोमाग ढालकिडेही (लेडीबर्ड भुंगेरे) येतात, आणि तेच पुढे शेजारच्या वालावरचा मावा फस्त करतात. म्हणून त्या दिवसांत फुलोऱ्यांवर कीटकनाशक फवारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दाणे मात्र गळण्याआधी काढावेत, नाहीतर पुढे वाफाभर तिचीच रोपे उगवतात.