हाये 'समुद्रावरचा सज्जन' कसा? (परवाच्या लेखाला उत्तर)

खाडीकाठचा
इतिहासवेडा यांचा 'समुद्रावरचा सज्जन' हा लेख परवा आला आणि खाली "सलाम", "असे शत्रू आता होणे नाही" अशी रांग लागली. मी गप्प बसणार होतो. पण लेखाच्या शेवटी "आजच्या पिढीने हेल्मुट हायेकडून शिकावं" असं वाक्य आहे, ते वाचून राहवलं नाही. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ एप्रिल १९४०, नॉर्वेजवळ खवळलेला समुद्र. हाये जर्मनांच्या 'अ‍ॅडमिरल हिप्पर' या जड क्रूझरचा कप्तान. समोर ब्रिटिशांची 'ग्लोवर्म' ही छोटी विनाशिका, कप्तान जेरार्ड रूप. ग्लोवर्मची चाळण झाली तरी रूपने ती सरळ हिप्परवर घातली आणि तिच्या कुशीचे पत्रे फाडले. ग्लोवर्म बुडाली. हायेने शत्रूच्या टापूत, कुठून ब्रिटिश आरमार येईल याचा नेम नसताना, जहाज थांबवून चाळीसच्या आसपास माणसं वर काढली. रूप दोरापर्यंत पोचला, पण हात सुटून गेला. पुढे हायेने रेडक्रॉसमार्फत रूपच्या शौर्याची साक्ष ब्रिटिशांना कळवली आणि १९४५ मध्ये रूपला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

इथवर मला एका अक्षराचीही हरकत नाही. पण लेख इथून टुणकन उडी मारतो ती थेट १९५३ मध्ये, हाये ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचा खासदार झाला तिथे. मधली वर्षं गेली कुठे?

१९४४ मध्ये हाये जर्मन नौदलाच्या 'लहान युद्धपथकां'चा प्रमुख झाला. त्यातलं 'नेगर' म्हणजे काय ते बघा. एकावर एक दोन टॉर्पेडो. वरच्यातला दारूगोळा काढून आत एक पोरगा बसवायचा, डोक्यावर पारदर्शक घुमट. खालचा टॉर्पेडो खरा. यंत्राला बुडी मारता येत नाही, घुमट पाण्यावर दिसतो, चंद्रप्रकाशात चकाकतो. कधी खालचा टॉर्पेडो सुटायचाच नाही आणि वरच्या माणसालाही ओढून घेऊन जायचा. इटलीतल्या अँझिओला आणि फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ही पोरं पाठवली. निम्म्याहून जास्त परत आली नाहीत. कागदावर याला आत्मघातकी मोहीम म्हणायचं नाही, एवढीच काळजी घेतली होती.

आणि ही पोरं दिवसच्या दिवस जागी राहावीत म्हणून हायेला औषध हवं होतं. जर्मनीतल्या कील बंदरात गोळी बनली, डी-नऊ. वेदना मारणारं ऑक्सिकोडोन, कोकेन आणि झोप उडवणारं मेथॅम्फेटामिन, तिन्ही एकत्र. नोव्हेंबर १९४४ मध्ये तिची चाचणी कुणावर झाली? बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझनच्या नाझी छळछावणीतल्या कैद्यांवर. गोळ्या देऊन, पाठीवर ओझं लादून, झोप न देता गोल गोल चालवलं त्यांना.

शत्रूच्या कप्तानासाठी पत्र लिहिलं, छान. पण रूप हा त्याच्याच पेशाचा, त्याच्याच हुद्द्याच्या जवळचा माणूस होता. आपल्या बरोबरीच्याशी नीट वागणं याला मी सज्जनपणाची परीक्षा मानत नाही. ज्यांचं नावही विचारायची गरज नव्हती त्यांच्याशी तो कसा वागला, ते सांगा.

इतिहासवेडा
लेखाचा विषय ग्लोवर्म होता. चरित्रकोश लिहायला बसलो नव्हतो मी. उद्या शिवरायांच्या आरमारावर लिहिलं तर "सुरतेचं का नाही लिहिलं" म्हणून धागा काढाल.

डी-नऊचा प्रकार मला ठाऊक आहे. मागणी हायेकडून आली हे खरं. पण छावणीत चाचणी करा असा आदेश त्याच्या सहीने निघाला, असा कागद तुमच्याकडे आहे का? असेल तर टाका. नसेल तर "मागणी केली" आणि "कैद्यांना मारलं" या दोन गोष्टी एका ओळीत बसवू नका.

तुम्ही स्वतः सोयीने काय गाळलंत तेही सांगतो. १९६१ ते १९६४ हाये पश्चिम जर्मनीच्या संसदेचा सैन्य-आयुक्त होता. शिपायाने तक्रार करायची ती थेट या माणसाकडे, मधल्या एकाही साहेबाला न विचारता. आणि हायेने ते पद शोभेचं ठेवलं नाही. १९६३ मध्ये नागोल्डला छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षण तुकडीत एक रंगरूट उन्हातल्या संचलनात कोसळला आणि आठवड्याने मेला. चौकशीत त्या तुकडीतल्या छळाचे प्रकार बाहेर आले, तुकडीच बरखास्त करावी लागली. हायेच्या अहवालांकडे संसद ढुंकून बघत नव्हती. तेव्हा जून १९६४ मध्ये त्याने 'क्विक' या खपाच्या सचित्र साप्ताहिकात लेखमाला लिहिली, की ही सेना राज्यातलं वेगळं राज्य व्हायला लागली आहे. संरक्षणमंत्री फॉन हासेल त्याच्याच पक्षाचा. तरी लिहिलं. नोव्हेंबरात पद गेलं. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल शिपायांची बाजू घेऊन स्वतःच्या पक्षाशी भांडतो, हे तुम्हाला दिसत नाही?

गणिताचे सर
मूळ मुद्दा बाजूला ठेवून बोलतो. हे 'शिपायाने थेट तक्रार करावी' प्रकरण मला पटत नाही. तीस पोरांचा वर्ग सांभाळताना दमछाक होते, तिथे हजारोंचं सैन्य. प्रत्येक जण वरच्याला डावलून कागद पाठवायला लागला तर हुकूम मानणार कोण? आमच्या शाळेत पालकांना थेट संस्थेकडे तक्रार करायची मुभा दिली आणि त्या वर्षापासून मुलांना 'उभा राहा' म्हणायची सोय राहिली नाही. हायेने लेख लिहून सैन्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. जे संसदेत बोलायचं ते साप्ताहिकात बोलला. मंत्री चिडला तर त्यात नवल काय?

फौजी कोरेगाव
सर, तुम्ही वर्ग सांभाळलात, मी पलटण बघितली आहे. शाळेची गोष्ट फौजेला लावू नका.

रंगरूट असताना माझी नेमणूक एका साहेबांच्या बंगल्यावर होती. बाग, कुत्रा, मुलांचे डबे, मॅडमची भाजी. बंदूक हातात यायची ती साफ करायला. आईचं ऑपरेशन होतं, रजा मागितली. साहेब म्हणाले, घरी पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. तक्रार करायची तर अर्ज द्यायचा कुणाकडे? रीतसर मार्गाने, म्हणजे त्याच साहेबांकडे. मी दिला नाही. माझ्यासारखेच बाकीचेही देत नाहीत. मग कागदावर सगळं आलबेल.

शिस्त तक्रारीने मोडत नाही सर, तक्रार दाबल्याने मोडते. १९४६ ला मुंबईत काय झालं? कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांना जेवण निकृष्ट, वर तळाचा प्रमुख कमांडर किंगच्या शिव्या. पोरांनी आधी तक्रारच केली होती, ती बेदखल झाली. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण नाकारलं आणि काही दिवसांत बंड किनाऱ्या-किनाऱ्याने पसरलं. एक कागद वेळेवर वाचला असता तर?

तांडेल
फौजीदादा, अगदी मुद्द्याचं बोललात. त्यात जर्मन आरमाराची भर घालतो. १९१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या खलाशांनी जेवणावरूनच कुरबूर केली. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वेगळं ताट, खलाशांना शलजम. राइशपीच आणि कोबिस या दोघा खलाशांना सप्टेंबरात गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, कीलला उठाव झाला आणि त्यात कैसरचं सिंहासन गेलं. हाये १९१४ पासून त्याच नौदलात होता. तरुण अधिकारी म्हणून त्याने हे जवळून पाहिलं असणार. शिपायाचं ऐकून घेतलं नाही तर काय होतं हे नौदलवाल्याला दुसऱ्याने शिकवावं लागत नाही.

मी स्वतः व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये आयुष्य काढलंय. थकलेल्या माणसाला जागं ठेवण्यासाठी काय काय देतात ते विचारू नका. आमच्या एका जहाजावर विश्रांतीचे तास फक्त वहीत भरलेले असायचे. खोट्या नोंदीवर सही करायला नकार दिला, तर पुढच्या बंदरात मला उतरवलं. म्हणून डी-नऊचं वाचून मला धक्का बसला नाही, चीड आली.

आणि इतिहासवेडा, एक दुरुस्ती. शत्रूच्या साक्षीवरून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याचं 'जगातलं एकमेव उदाहरण' असं तुम्ही लिहिलंय. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सें नाझेर बंदरावर ब्रिटिशांनी घातलेल्या छाप्यातल्या सार्जंट डरंटच्या बाबतीतही जर्मन अधिकाऱ्यानेच शिफारस केली होती. तेवढं बदला.

गणिताचे सर
१९४६ चं बंड हा स्वातंत्र्यलढ्याचा भाग होता, त्याला जेवणाच्या तक्रारीचं रूप देऊ नका. आमच्या घरातले एक जण त्या संपात होते. त्यांना परकीय सत्ता नको होती, चांगली डाळ नको होती.

फौजी कोरेगाव
सर, ठिणगी डाळीचीच होती. त्यामुळे त्यांचं देशप्रेम कमी होत नाही. उपाशी माणसाचं देशप्रेम तुम्हाला खोटं वाटतं का?

गणिताचे सर
माझ्या तोंडी वाक्यं घालू नका. घरच्यांचा अपमान मी ऐकून घेणार नाही.

तांडेल
सर, अपमान कुणीच केला नाही. जरा शांत व्हा.

श्रद्धा बर्लिन
मंडळी, सगळे कुलाब्याला पोचलात, मी परत झाक्सेनहाउझनला नेते. ती छावणी ज्या गावात आहे त्या ओरानियनबुर्गपासून आम्ही लोकलने जवळच राहतो. मुलीच्या वर्गाची सहल तिथे गेली तेव्हा सोबत पालक म्हणून मी गेले होते. हजेरीच्या मैदानाभोवती एक वाट आहे. बुटांची वाट. थोडा भाग राखून ठेवला आहे. काही पावलं खडी, मग वाळू, मग फोडलेला दगड, मग काँक्रीट, असे पट्टे. १९४० पासून कैद्यांना या वाटेवरून रोज मैलोन्‌मैल चालवायचे, कारखान्यांच्या बुटांचे नवे तळवे किती टिकतात ते बघायला. नौदलाने गोळीची चाचणी केली ती याच वाटेवर.

मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मग गोळी बनवा म्हणणाऱ्याला शिक्षा काय झाली?" शिक्षिकेने सांगितलं, त्यातले बरेच जण युद्धानंतर आपापल्या पेशात परत गेले. इतिहासवेडा, तुम्ही सहीचा कागद मागता. ज्या पथकासाठी गोळी, त्या पथकाचा प्रमुख हाये. गोळी हवी असं म्हणणारा हाये. एवढं मला पुरतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. माझ्या नवऱ्याचा मित्र इथल्या सैन्यात होता. वरिष्ठाने सतत अपमान केला म्हणून त्याने आयुक्तांना पत्र लिहिलं. पत्राची पोच आली, चौकशी झाली, वरिष्ठाची बदली झाली. त्या मित्राला कुणी हात लावला नाही. हे पद राज्यघटनेत १९५६ मध्ये आलं, कलम ४५ ब. कल्पना मुळात स्वीडनची. सैनिक हा गणवेशातला नागरिक, ही बाउडिसिन या जर्मन सेनाधिकाऱ्याची मांडणी त्याच काळातली, आणि जुने अधिकारी तिच्यावर नाकं मुरडत होते. तेव्हा हायेने तिची बाजू घेतली, आणि त्याची किंमतही मोजली. हे मी नाकारत नाही.

इतिहासवेडा
श्रद्धाताई, तुम्ही निदान दोन्ही बाजू मांडल्यात. माझं म्हणणं तेच आहे. माणूस बदलतो. १९४४ च्या हायेला १९६४ च्या हायेने उत्तर दिलं.

खाडीकाठचा
इथेच माझं आणि तुमचं बिनसतं. '६४ चं उत्तर '४४ ला नव्हतं. त्या लेखमालेचं नावच 'बुंडेसवेरच्या (पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याच्या) काळजीपोटी' अशा अर्थाचं होतं. त्याला काळजी नव्या सैन्याची होती. ती त्याने केली, धैर्याने केली, फौजीदादांची गोष्ट वाचल्यावर ते धैर्य मला जास्तच कळतं. मान्य. पण बुटांच्या वाटेवरच्या माणसांचं देणं ते वेगळंच राहतं. एका खात्यात भरून दुसरं खातं चुकतं होत नाही.

आणि नेगरमधल्या पोरांचं काय? १९६१ मध्ये जी सोय हाये चालवत होता, ती १९४४ मध्ये त्यातल्या एकालाही नव्हती. घुमटाखाली बसल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

फौजी कोरेगाव
खाडीकाठचा भाऊ, तुमचं बरोबर आहे, तरी एक बोलतो. आमच्या इकडे असं पद असतं आणि त्यावर हायेसारखा, हात मळलेला माणूस बसलेला असता, तरी मी त्याला पत्र लिहिलं असतं. आईच्या ऑपरेशनला पोचलो असतो.

तांडेल
फौजीदादा, यावर मी काय बोलू. मीही लिहिलं असतं.

गणिताचे सर
पत्र लिहायची सोय असावी, एवढं मी मान्य करतो. साप्ताहिकात छापायची नसावी. यापुढे मी बोलणार नाही.

इतिहासवेडा
ठीक. लेखात 'एकमेव उदाहरण' काढलं आहे. १९४४ वर एक परिच्छेद घालतो, डी-नऊसकट. श्रद्धाताई, बुटांच्या वाटेचा फोटो असेल तर पाठवा. शीर्षक मात्र तेच राहील, कारण ग्लोवर्मच्या दिवशी तो सज्जनच वागला.

खाडीकाठचा
मग शीर्षकात तो दिवस घाला. '८ एप्रिल १९४०: समुद्रावरचा सज्जन'. एवढं केलंत तर मी धागा बंद करायला सांगतो. आणि शेवटचं 'पिढीने शिकावं' हे वाक्य राहिलं, तर मी पुन्हा लिहीन.