नवं वर्ष: आधी संकल्प की आधी मापाची चड्डी?

सुरसागरवाली

डिसेंबर संपत आला की आम्हा बडोदेकरांच्या गप्पा दोनच विषयांवर येतात. उत्तरायणाच्या पतंगांची दोरी यंदा कुठे रंगवून घ्यायची आणि एक तारखेपासून कमाटीबागेत चालायला कोण कोण येणार. दोरीचं तुमचं तुम्ही बघा. मला बोलायचंय ते चालायला जाताना आत काय घालता त्याबद्दल.

वजन उतरवण्याचा संकल्प करायच्या आधी आतल्या कपड्यांचा खण पलंगावर उपडा करा. आज अंगाला नीट बसत नाही ते बाजूला काढा आणि आजच्या मापाचे तीन-चार नग आणा. जुन्या मापाचे नाहीत, आणि 'मार्चपर्यंत होईन' त्या मापाचेही नाहीत.

ओळखीतल्या कितीतरी बायका 'बारीक झाले की होईल' म्हणून लहान साईझ सांभाळून ठेवतात, आणि सांभाळता सांभाळता रोज तीच घालतात. दिवसाचे बारा-बारा तास. कमरेवर लाल वळ, खांद्यांत खाचा, काखेत रुतलेली कड, आणि घरी आल्यावर चहाच्याही आधी हुक काढायची घाई. लग्नाला जायचं तर साडी नवी, ब्लाऊज फिटिंगचा, आणि आत इलॅस्टिकचे दोरे लोंबतायत. जे कुणाला दिसत नाही त्यावर खर्च कशाला, ही आपली शिकवण. ज्या अंगाला आपण दिवसभर आवळून धरतो, त्याच्याकडूनच एक जानेवारीपासून पहाटे साडेपाचला उत्साहाने उठायची अपेक्षा ठेवतो, हे मला तरी विचित्र वाटतं.

वर्षाची सुरुवात थोडी मायेने केली तर काय बिघडेल?

मांजलपूरकर

ताई, विषय धीटपणे मांडलात, पण मत पटलं नाही.

कपडा घट्ट होणं ही सूचना असते. मला साखर आहे हे कळायच्या आधी पँटच्या हुकाने मला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी मोठं माप घेत गेलो असतो तर डॉक्टरकडे आणखी उशिरा गेलो असतो. माया वगैरे ठीक, पण मायेच्या नावाखाली आपण स्वतःला फसवतोही. 'आज राहू दे, अंगाला त्रास नको' हे वाक्य मी स्वतःशी फार वर्षं बोलत आलोय.

आणि संकल्पांची टिंगल करायची हल्ली फॅशन झालीये. २००२ मध्ये अमेरिकेतल्या नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी दोन गट पाहिले. दोघांनाही स्वतःत बदल हवा होता, पण एकाने नववर्षाचा संकल्प केला, दुसऱ्याने केला नाही. सहा महिन्यांनी संकल्पवाल्यांतले ४६ टक्के टिकून होते, दुसऱ्यांतले फक्त ४ टक्के. तेव्हा संकल्प करावा, आणि तो जरा बोचला तर बोचू द्यावा.

सुरसागरवाली

काका, संकल्प करू नका असं मी कुठे म्हटलं? 'आधी' म्हटलं.

तुमचा अभ्यास मान्य. आता माझाही एक घ्या. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांचे नववर्षाचे संकल्प वर्षभर पाहिले, निष्कर्ष २०२० मध्ये छापून आला. 'अमुक करीन' असं ठरवणाऱ्यांतले ५८.९ टक्के यशस्वी, 'तमुक सोडीन' म्हणणाऱ्यांतले ४७.१ टक्के. त्यातच आणखी एक गंमत निघाली. ज्यांना थोडीशी मदत मिळाली ते भरपूर मदत मिळालेल्यांपेक्षाही पुढे राहिले. म्हणजे फार मागे लागूनही भागत नाही. 'शेव-उसळ बंद' या संकल्पापेक्षा 'जेवल्यावर सुरसागर तलावाला एक फेरी' हा टिकायची शक्यता जास्त. आणि फेरी मारायची तर मांड्या घासल्या नाहीत पाहिजेत, काका. तिथे माझी चड्डी येते.

सूचना हवी असेल तर घरात वजनकाटा ठेवा, कमरेला टेप लावा. त्यासाठी दिवसभर वळ उठवून घ्यायची गरज नाही.

काउंटरमागची

मी मंगळबाजाराजवळ याच धंद्यात आहे, दुकानाचं नाव विचारू नका. जे रोज बघते ते सांगते.

दहातल्या आठ बायका येतात आणि म्हणतात, '३४ द्या.' कधी मोजलं होतं? कॉलेजात. मध्ये दोन मुलं झाली, थायरॉईड झाला, ३४ मात्र ३४च. टेप काढला की लाजतात, त्यात काउंटरवर पुरुष उभा असेल तर विषयच संपला. तो कपड्यावरूनच नजर टाकून म्हणतो, 'बेन, आ लई जाव, स्ट्रेच थशे.' बेन पिशवीत टाकून पळतात.

तर आता नीट वाचा. आकडा हे पट्ट्याचं माप, छातीच्या खाली टेप लावून घ्यायचं. अक्षर हे कपचं, आणि ते आकड्याशी बांधलेलं असतं. '३४ बी'चा कप आणि '३६ ए'चा कप साधारण तेवढाच. त्यामुळे पट्टा आवळतो म्हणून ३४ बीवरून ३६ बी घेतलीत तर कप सैल पडतो, मग तुम्ही म्हणता मोठी साईझ बसत नाही, आणि परत ३४ वर येता. खांद्यांत खाचा पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा पट्टा सैल असणं, कारण भार मुख्यतः पट्ट्याने उचलायचा असतो. तो ढिला असला की सगळं ओझं खांद्यावर जातं, आणि बायका खांद्याची पट्टी आणखी ओढतात! पाठीमागून पट्टा वर चढत असेल तर समजा सैल आहे. नवीन घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक वापराने ढिलं होतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात.

आणि लगेच नवीन घ्यायची ऐपत नसेल तर हुकाला जोडायचा तुकडा मिळतो, दोन-तीन हुकांचा. थोड्या पैशांत श्वास मोकळा. तो आम्ही स्वतःहून दाखवत नाही, मागावा लागतो. धंदा आहे, काय करणार.

हिशेबी

बरं झालं हे शेवटचं तुम्हीच बोललात. माझा आक्षेप तिथेच आहे.

'स्वतःवर माया करा' याचा अर्थ आजकाल शेवटी 'काहीतरी विकत घ्या' असाच निघतो. जानेवारीत जिम आपल्याला लाज वाटायला लावून पैसे काढते, आणि आता कोणीतरी लाज काढून टाकायचे पैसे घेणार. चार बऱ्यापैकी ब्रा आणि सहा चड्ड्या यांचा हिशेब मांडून बघा, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पगाराचा केवढा भाग होतो तो. खण उपडा करायचा सल्ला ज्यांच्या खणात काही असतं त्यांच्यासाठी असतो.

आमच्याकडे बनियनला भोकं पडली की ते घरात घालायचं, मग स्कूटर पुसायची, मग पोतेरं. मला त्यात दैन्य वाटत नाही.

रावपुऱ्याची आजी

पोतेऱ्यापर्यंतचा प्रवास आमच्याही घरी तोच! पण पोतेरं होण्याआधी ते अंगात घालायच्या लायकीचं असावं की नाही?

आम्ही बॉडी घरी शिवायचो, मांजरपाटाची, पुढे बटणं. ज्याच्या त्याच्या अंगावर मोजूनच शिवलेली, त्यामुळे आकडा कुणाला ठाऊकच नव्हता. बाळंतपणानंतर कडेची शिवण उसवून कापड सोडायचं, की झालं. कुणी 'वाढलीस' म्हणून टोमणा मारला तरी कापड मुकाट्याने सुटायचं. हिशेबी, तुम्हाला आवडेल असा उपाय आहे हा, फुकट. मात्र आताच्या तयार मालात शिवणीत दाब सोडतच नाहीत.

जानेवारीचं मला काही कळत नाही. गुढीपाडव्याला एक वर्ष सुरू होतं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या शेजाऱ्यांचं बेसतं वरस, त्यात तुमचा हा एक जानेवारी. बडोद्यात राहणाऱ्याला वर्षातून तीनदा सुरुवात करता येते. एक हुकलं तर पुढचं धरा.

मांजलपूरकर

आजी, नमस्कार. पण हीच तर पळवाट! जानेवारीत जमलं नाही तर पाडवा, पाडव्याला जमलं नाही तर दिवाळी. तीन मुहूर्त असलेला माणूस तीनदा पुढे ढकलतो.

रावपुऱ्याची आजी

ढकलेना का. तिसऱ्यांदा तरी करेल.

त्वचावाली

डॉक्टर आहे, त्वचेची. खूप दिवसांपासून कुणीतरी हा विषय काढावा असं वाटत होतं, कारण पेशंट विचारत नाहीत.

पहिलं, परकराची नाडी. ब्राबद्दल एवढी चर्चा झाली, नाडीचं नावच नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलेल्या नाडीखाली त्वचा काळी पडते, जाड होते, सोलवटते. बहुतेकींचं तिथेच थांबतं. क्वचित जखम भरतच नाही, आणि फार क्वचित त्या जखमेचा कर्करोग होतो. मुंबईतल्या खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या आवळण्यातून होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या, कमरेला घट्ट बांधल्याने झालेल्या. घाबरवायला सांगत नाहीये, प्रमाण अगदी कमी आहे. पण नाडीऐवजी रुंद पट्टा लावणं, बांधायची जागा वरखाली करणं, घरी सैल बांधणं, याला फारसे पैसे पडत नाहीत. आणि तिथली जखम काही आठवड्यांत भरली नाही तर दाखवायला या. हळद लावत बसू नका.

दुसरं, जांघेतला नायटा. दमट हवा, घट्ट सिंथेटिक कपडा, आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी घालून ऑफिस. मग मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब, ज्यात स्टेरॉईड मिसळलेलं असतं. खाज थांबते, नायटा आतून पसरत राहतो. ती ट्यूब आधी फेका, चड्डीचं नंतर बघू.

तिसरं, सुती कपड्याबद्दल. इथे अजून कुणी म्हटलं नाही, पण पुढे कुणीतरी म्हणणारच की सुती तेच चांगलं. रोजच्या बसण्या-उठण्याला हो. पण तासभर भरभर चालून घाम काढणार असाल तर सुती कपडा घाम पिऊन ओला राहतो आणि घासतो. तेव्हा घाम वाळवणारी स्पोर्ट्स ब्रा बरी, आणि घरी आल्यावर लगेच बदलायची.

आणि हो, ब्रामुळे, तारेमुळे किंवा काळ्या रंगामुळे स्तनाचा कर्करोग होतो हा मेसेज कृपया इथे टाकू नका. २०१४ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने ब्रा घालणं आणि तार यांचा संबंध तपासला होता, तो आढळला नाही.

फतेगंज हॉस्टेल

युनिव्हर्सिटीत आहे. डॉक्टर मॅडम 'अर्धवट वाळलेली' म्हणाल्या ते आम्हा सगळ्या मुलींचं. दोरीवर चड्डी वाळत घालायची ती टॉवेलखाली, टॉवेलवर ओढणी. ऊन पोचणार कुठून? आमच्या मजल्यावर आता सगळ्याजणी मिळून उघड्यावरच वाळत घालायचं ठरलंय. मुलांच्या हॉस्टेलच्या गॅलरीत काय काय फडफडत असतं ते अख्खं फतेगंज बघतं.

हिशेबी

हा संकल्प मला मान्य. खर्च शून्य.

अकोटा पूल

पुरुषांचं कुणी बोलेना म्हणून मी. आमची साईझ बायको किंवा आई ठरवते आणि आम्ही ती निवृत्तीपर्यंत पाळतो.

जॉकीच्या त्या प्रसिद्ध चड्डीची पहिली विक्री शिकागोत १९ जानेवारी १९३५ ला झाली, हिमवादळात. तरी लोकांनी उचलून नेल्या. म्हणजे जानेवारीत चड्डी घेणं ही परंपराच आहे, काका.

बाकी बाळासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी लक्षात घ्या. २०१८ चा हार्वर्डचा अभ्यास आहे, उपचारांसाठी आलेल्या ६५६ पुरुषांचा. सैल बॉक्सर घालणाऱ्यांत शुक्राणूंची घनता २५ टक्के जास्त दिसली. घट्ट घालणाऱ्यांचीही बहुतेक सामान्य मर्यादेतच होती, तेव्हा लगेच आईला फोन करू नका.

मांजलपूरकर

१९३५ चं ठाऊक नव्हतं.

मी माझं मत बदलत नाही. साखर, रक्तदाब असलेल्याने आकड्याशी लाडीगोडी करू नये. एक तारखेला सहा वाजता मी कमाटीबागेच्या फाटकाशी असणार, आणि वजनाचं लक्ष्य लिहून खिशात असणार. मात्र काल डॉक्टरांचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कमरेला ती खाज तिला बरीच वर्षं आहे. मला माहीतच नव्हतं. आता पट्टा कुठे मिळतो ते सांगा.

सुरसागरवाली

शिंप्याकडे जा, काका. परकराच्या नेफ्यात दोन बोटं रुंद पट्टी घालून देतो, हुक लावून. तयार परकरही मिळतात तसे. आणि काकूंना डॉक्टरकडे नेऊन आणा, नुसत्या पट्टीवर सोडू नका.

हिशेबी, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना दिवाळीला साडी देत आलेय. या वेळी त्यांना विचारून, मापाने, आतलं घेऊन देणार आहे. त्यांना आवडेल की संकोच वाटेल ते विचारल्यावरच कळेल.

हिशेबी

विचारा, आणि साडीसुद्धा द्या. साडीच्या ऐवजी नको.

काउंटरमागची

सगळ्यांना एक विनंती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते आणि टेप लावायला मी असते. अंगात घातलेल्या ब्रावरूनच माप घ्यायला सांगू नका. आणि माल बदलून हवा असेल तर पावती आणि लेबल दोन्ही लागतं. चड्डी कुठल्याच परिस्थितीत परत घेत नाही, तुमचं वर्ष जानेवारीत सुरू होवो की पाडव्याला.